पिवळ्या कागदावर लाल शाईनं नेमकं काय लिहितात? ताओ पंथाच्या फूबद्दल सोप्या भाषेत

हाँगकाँगच्या जुन्या भुताच्या सिनेमांत एक सीन हमखास असतो. हात पुढे ताणून उड्या मारत येणारं प्रेत, आणि पिवळा झगा घातलेला ताओ या चिनी धर्मपंथाचा पुजारी त्याच्या कपाळावर कागदाची एक लांब पिवळी पट्टी चिकटवतो की ते प्रेत जागच्या जागी थांबतं. त्या पट्टीवर लाल रंगात काहीतरी गिचमिड लिहिलेलं असतं, अर्धं अक्षर अर्धं चित्र, आणि बघणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी जादूचं डिझाइन आहे. तसं नाहीये ते. त्याला चिनी भाषेत फू म्हणतात आणि फू म्हणजे सरळ सरळ लेखी हुकूम आहे. कुणाच्या अधिकारात काढला, कुणाला काढला, काम काय, सही कुठंय, शिक्का कुठंय, हे सगळं त्यात असतं. आपल्याकडच्या सरकारी जीआरसारखं समजा. ही एक गोष्ट डोक्यात बसली की त्या गिचमिडीतली बरीचशी रेघ न रेघ उलगडायला लागते.

आपल्याला ताईत आणि यंत्र माहीत असतं म्हणून आपण पटकन फूला त्याच खात्यात टाकतो, पण दोन्हीत फरक आहे. आपल्याकडच्या यंत्रात भूमिती असते, बीजाक्षरं असतात, ते देवतेचं बसायचं ठिकाण मानतात आणि म्हणून त्याची पूजा होते. फूची पूजा कुणी करत नाही. फू बजावला जातो.

सुरुवात देवळात झालेलीच नाही, सुरुवात झाली लष्करात. चीनमधे ख्रिस्तपूर्व काळात राजा आणि सेनापती यांच्यात एक खूण ठरलेली असायची, काशाचा छोटा वाघ, उभा मधोमध चिरलेला, अर्धा राजाकडे आणि अर्धा लांबच्या छावणीत. राजाचा माणूस आपला अर्धा घेऊन आला आणि तो दुसऱ्या अर्ध्याला तंतोतंत जुळला तरच सैन्य हलायचं. शीआनजवळ असाच एक वाघाचा अर्धा भाग सापडलाय, छिन राज्याच्या काळातला, लांबी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, अंगावर सोन्यानं भरलेली अक्षरं. त्यावर लिहिलंय की उजवा भाग राजाकडे, डावा दू नावाच्या गावी, आणि 50 पेक्षा जास्त चिलखती शिपाई हलवायचे असतील तर राजाचा भाग जुळवल्याशिवाय हलवायचे नाहीत. पुढे अजून एक कलम आहे, धोक्याचा जाळ पेटवायची वेळ आली तर जुळवत बसू नका, निघा. मला स्वतःला हे कलम फार आवडतं, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इमर्जन्सीचा अपवाद पण विचार करून लिहून ठेवलाय. तर या चिरलेल्या वाघाला सुद्धा फूच म्हणायचे. पुढे ताओ लोकांनी हीच कल्पना वर नेली, म्हणजे एक अर्धा स्वर्गात आहे आणि एक अर्धा पुजाऱ्याच्या हातात आहे, दोन्ही जुळले की वरचे अधिकारी आणि सैनिक कामाला लागतात. हातातला भाग चुकीचा असेल तर जुळणारच नाही, आणि म्हणूनच रेघा बरोबर येण्यावर इतका जोर असतो.

मधला टप्पा थडग्यांत सापडतो. पूर्व हान राजवटीत, इसवी सनाच्या 2ऱ्या शतकात, शीआन आणि लोयांगच्या आसपास मेलेल्या माणसाबरोबर मातीची छोटी मडकी पुरायचे आणि मडक्यावर हिंगुळाच्या लाल रंगानं मजकूर लिहायचे, बऱ्याचदा शेजारी फूची आकृती पण काढायचे. मजकूर काय तर स्वर्गाच्या सम्राटाचा दूत पाताळातल्या अधिकाऱ्यांना कळवतोय की अमुक माणूस मेला, याची नोंद तुमच्या रजिस्टरात घ्या आणि मागं राहिलेल्यांना त्रास देऊ नका. जिवंत माणसं चांगआनच्या म्हणजे जुन्या राजधानीच्या हद्दीत, मेलेली थाईशान पर्वताच्या हद्दीत, असं कार्यक्षेत्रसुद्धा वाटून दिलेलं. मडक्यात शिशाची छोटी माणसं ठेवायची, कारण पाताळात बिगारीला बोलावलं तर मेलेल्याच्या ऐवजी ती माणसं जातील. आणि मेलेला परत येऊ नये म्हणून काही ठिकाणी अट घातलेली असते की भाजलेले सोयाबीन उगवून येतील आणि अंड्यातून आरवण्याचा आवाज येईल तेव्हाच पुन्हा संबंध, तोवर नाही. दुःखात असलेल्या घरानं हे सगळं कागदोपत्री पक्कं करून घेतलेलं वाचताना गलबलून येतं खरं सांगायचं तर.

याच शतकात, 142 साली, सिचुआनमधल्या हमिंग पर्वतावर झांग दाओलिंगला ताओ पंथाचा आद्य ऋषी लाओझी याचं दर्शन झालं अशी परंपरा आहे आणि तिथून स्वर्गीय गुरूंचा पंथ सुरू झाला. या लोकांनी कागदोपत्री धर्म अक्षरशः चालवून दाखवला. कुणी आजारी पडलं की त्यानं आपल्या चुका लिहून द्यायच्या, तीन प्रतींत, एक डोंगरावर ठेवायची ती स्वर्गासाठी, एक पुरायची ती पृथ्वीसाठी, एक बुडवायची ती पाण्यासाठी. पंथात येणाऱ्याला एक यादी मिळायची तिला लू म्हणतात, त्या यादीत त्याच्या हाताखाली कोणते स्वर्गीय सेनापती आहेत ते लिहिलेलं. लहानपणी 1 सेनापती, मग 10, मग 75, मग 150, अशी बढती. हे का सांगतोय तर फू आणि लू ही जोडी आहे. फू म्हणजे हुकूम, लू म्हणजे तो हुकूम ज्यांच्यावर चालतो त्यांची यादी. ज्याच्याकडे लू नाही त्यानं कितीही सुंदर फू काढला तरी पंथाच्या दृष्टीनं त्या हुकुमाला उत्तर द्यायला कुणी नसतं. इंटरनेटवरून फूचा फोटो डाउनलोड करून प्रिंट काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं, परंपरेच्या स्वतःच्याच हिशोबात त्या प्रिंटला अर्थ नाही.

आता एक फू डोळ्यासमोर घ्या आणि वरून खाली वाचत जाऊ. पद्धती घराण्यागणिक खूप बदलतात, पण तैवान आणि दक्षिण चीनमधे जो नेहमी दिसतो तो उभा फू बघू.

सगळ्यात वर तीन बारक्या खुणा असतात, टिकमार्क केल्यासारख्या. ते सानछिंग, म्हणजे ताओ पंथाचे तीन सर्वोच्च देव, युआनशी, लिंगबाओ आणि दाओद, आणि यातला शेवटचा दाओद म्हणजेच देवपदाला पोचलेला लाओझी. म्हणजे लेटरहेडच झालं, हुकूम कुणाच्या नावानं निघतोय ते. या तीन खुणा काढताना पुजारी मनात म्हणत असतो, पहिल्या फटक्याला जग हलतं, दुसरा फटका म्हणजे आद्यगुरूची तलवार, तिसऱ्या फटक्याला दुष्ट शक्ती हजार ली (अंतराचं चिनी माप) लांब पळतात. त्याच्या खाली बहुतेक वेळा चीलिंग ही दोन अक्षरं असतात, सम्राटाच्या फर्मानावर असायची तीच, अर्थ आज्ञा. त्यातल्या लिंग अक्षराची शेपटी मुद्दाम लांब खाली ओढतात आणि दोन बाजूंना पाय फाकवल्यासारखी पसरवतात, बाकीचा सगळा मजकूर त्या दोन रेघांच्या आत बसतो, म्हणजे आज्ञेच्या छत्राखाली.

आतला भाग म्हणजे फूचं पोट, काम काय ते इथं. कुठल्या देवाला किंवा सेनापतीला सांगितलंय त्याचं नाव, आणि मग काय करायचं. घर राखायचं, ताप उतरवायचा, पाऊस पाडायचा, पिडा बांधून ठेवायची. वीज हे अक्षर फार दिसतं, कारण सोंग राजवटीपासून, म्हणजे साधारण 12व्या शतकापासून, मेघगर्जनेचे विधी जोरात आले आणि स्वर्गात विजेचं एक अख्खं खातंच उभं राहिलं. भूत हे अक्षर दिसतं पण ते बहुतेकदा दुसऱ्या कुठल्या तरी अक्षराच्या खाली दाबलेलं किंवा रेघांनी वेढलेलं असतं, म्हणजे वाचायच्या आधीच बघणाऱ्याला कळावं की हे पकडलं गेलंय. छोटी वर्तुळं सरळ रेघांनी जोडलेली दिसली तर ते तारे, सात असतील तर सप्तर्षी, जे ताओ कल्पनेत मृत्यू आणि आयुष्याचा हिशोब ठेवतात. गोल गोल फिरणाऱ्या नागमोडी रेघा असतात त्या ढगांच्या लिपीतल्या. लिंगबाओ नावाच्या ताओ परंपरेत, जी 400 सालाच्या सुमाराला आकाराला आली, असं मानतात की जग निर्माण व्हायच्या आधी आदिम वायूतून आपोआप अक्षरं गोठून तयार झाली, माणसानं लिहिलेली अक्षरं ही त्याची फार उशिरा आलेली आणि फिकी नक्कल. म्हणून फू वाचता न येणं हा दोष समजत नाहीत, तो देवांसाठी लिहिलाय, आपल्यासाठी नाही.

विजेच्या विधींमधली एक पद्धत तर थक्क करणारी आहे. फूमधला एकेक फटका म्हणजे त्या सेनापतीचा एकेक अवयव. हा फटका डोकं, हा हात, हे पंख, ही हातातली हातोडी, प्रत्येकाचा वेगळा मंत्र. आधी सुटे भाग काढायचे आणि मग ते एकमेकांवर रचत एकच आकृती करायची, ती पूर्ण झाली की सेनापती तिथं हजर. बाहेरच्या माणसाला शेवटी दिसतो तो नुसता रेघांचा गुंता.

पोटाच्या खाली, शेवटाकडे, एक भाग असतो त्याला फूचं पित्ताशय म्हणतात. चिनी समजुतीत धाडस पित्ताशयात राहतं, म्हणून हे नाव. इथं गुरूनं शिष्याला सांगितलेलं एखादं गुप्त अक्षर लिहितात आणि लगेच त्यावर दुसरी अक्षरं लिहून ते पुसट करून टाकतात म्हणजे कुणाला कॉपी करता येऊ नये. हेच कुलूप. एक जुनी म्हण आहे या लोकांत की खुबी न कळता फू काढला तर भुतं आणि देव हसतात, खुबी कळून काढला तर किंचाळतात. आणि सगळ्यात शेवटी, कधी लिहिलेलं कधी नुसतं म्हटलेलं, जीजी रू ल्यूलिंग. ताबडतोब, कायद्याप्रमाणे. हान काळातल्या सरकारी पत्रांच्या शेवटी असंच लिहायचे, कारकून लोक रोज लिहायचे ते वाक्य, आणि ते मडक्यांवरून फूमधे आलं आणि राजवटी गेल्या तरी टिकलं. जपानमधे उत्खननात मिळालेल्या जुन्या लाकडी पट्ट्यांवर सुद्धा हेच शब्द मिळालेत.

मग शिक्का. शिक्क्याशिवाय फू अपुरा मानतात. सगळ्यात जास्त दिसणारा लाल चौकोनी शिक्का दाओ, जिंग, शी म्हणजे ताओ, ग्रंथ आणि गुरू या तीन रत्नांचा असतो (बुद्ध, धम्म, संघ आठवलं असेल तर बरोबर आठवलं, ही कल्पना बौद्धांकडूनच आली). शिक्क्यांचा मान तर कागदाच्या फूपेक्षा जुना आहे. 4थ्या शतकातला ताओ लेखक गे होंग लिहितो की पूर्वीचे लोक डोंगरात जाताना 4 इंची शिक्का बरोबर ठेवायचे, त्यावर 120 अक्षरं, आणि मुक्कामाच्या चारी बाजूंना शंभर पावलांवर चिखलात त्याचा ठसा उठवायचे, की वाघ लांडगे आत येत नाहीत.

आता सामान. इथं मला जरा रेंगाळायचंय कारण बहुतेक ठिकाणी पिवळा म्हणजे शुभ आणि लाल म्हणजे शक्ती एवढंच सांगून मोकळे होतात.

पिवळा कागद. हो, पिवळा हा चिनी पंचतत्त्वांतल्या पृथ्वीचा आणि मध्य दिशेचा रंग आहे, पण त्यामागं एक अगदी व्यावहारिक कारण पण आहे, कीड. चीनमधे कागद हुआंगबो नावाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवायचे, त्या सालीत बर्बेरीन असतं, कडू आणि पिवळंजर्द, किड्यांना अजिबात न आवडणारं. आपल्या दारुहळदीत असतं तेच हे बर्बेरीन. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत हजारेक वर्षं बंद राहिलेल्या हस्तलिखितांतली कित्येक अशाच पिवळ्या कागदावर आहेत. 7व्या शतकात तांग दरबारानं ठरवलं की पांढरा कागद किडे खातात तेव्हा इथून पुढे प्रांतोप्रांती जाणारे हुकूम पिवळ्या कागदावर काढायचे. म्हणजे पिवळा कागद हा ज्या काळात सरकारी हुकुमाचा कागद होता त्याच जगात हे स्वर्गाचे हुकूम लिहिले जात होते, दोन्ही एकाच रंगाचे असणं अगदी साहजिक आहे. आजकाल दुकानात मिळणारा फूचा कागद साधा रंग दिलेला बांबूचा वगैरे असतो, साल कुणी उकळत बसत नाही. काही विधींत दिशेप्रमाणे कागद बदलतो, पूर्वेला हिरवा-निळा, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पांढरा, उत्तरेला काळा आणि मधे पिवळा.

लाल शाई म्हणजे हिंगूळ. शेंदूर नव्हे, शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं खनिज. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांत पण ठळक करायच्या ओळींना हिंगुळाची लाल शाई वापरायचे. चीनमधे हूनान आणि ग्वेझो प्रांतातला हिंगूळ सगळ्यात नावाजलेला, सूर्यप्रकाश लागला नाही तर त्याचा लाल रंग शतकानुशतकं तसाच राहतो, मडक्यांवरची अक्षरं म्हणून आज वाचता येतात. लाल म्हणजे रक्त, अग्नी, यांग (चिनी कल्पनेतली उष्ण, तेजस्वी बाजू), ते खरंच आहे, पण ताओ लोकांना हिंगुळाचं वेड होतं ते अजून एका गोष्टीमुळे. हा लाल दगड तापवला की त्यातून चकाकता पारा वाहतो आणि तो पारा गंधकाबरोबर घोटून तापवला की पुन्हा लाल होतो. मरून परत येणारा पदार्थ. अमरत्वाच्या शोधात असलेल्या किमयागारांनी याच्यावर आयुष्य घालवली आणि काहींनी यातच जीव गमावला, कारण पारा विष आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फू जाळून त्याची राख पाण्यात कालवून प्यायची प्रथा फार जुनी आहे, झांग दाओलिंगच्या पंथात होती, 184 साली बंड करणाऱ्या पिवळ्या फेट्यांच्या झांग ज्वेनं पण रोग्यांना असं पाणी पाजलं होतं. पण खरा हिंगूळ जाळला की पाऱ्याची वाफ निघते आणि ती फुप्फुसात जाते. अभ्यास करा, आदर ठेवा, पण हे घरी करू नका आणि कुणी करायला सांगितलं तरी करू नका. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या.

लाकडात पहिला मान पीचच्या झाडाचा. जुनी कथा आहे, समुद्रातल्या एका डोंगरावर प्रचंड पीचचं झाड, त्याच्या फांद्यांमधे ईशान्येला भुतांचं दार, आणि शन तू आणि यू ल्यू हे दोघे भाऊ तिथं पहारा करतात, वाईट भूत दिसलं की लव्हाळ्याच्या दोरीनं बांधून वाघाला खायला घालतात. म्हणून नवीन वर्षाला दाराच्या दोन्ही बाजूंना पीचच्या फळ्या लावायचे, त्यावर या दोघांची नावं किंवा चित्रं. आज चिनी लोक नववर्षाला दारावर जे लाल कागदाचे दोहे लावतात ते याच फळ्यांचे वंशज. गे होंगनं पण डोंगरातल्या मुक्कामासाठी हेच सांगितलंय, पीचच्या फळीवर हिंगुळानं, अक्षर एवढं मोठं की फळी भरून जाईल, आणि ती दारावर आणि चारी कोपऱ्यांना लावायची. दुसरं लाकूड चिनी बोराचं, त्यातही वीज पडलेल्या झाडाचं, विजेच्या खात्याचे शिक्के त्यातून कोरतात कारण वीज त्यात आधीच येऊन गेलेली असते. अशा लाकडाला इतकी मागणी आहे की आता कृत्रिम विजेचे झटके देऊन जाळलेलं लाकूड पण बाजारात येतं, घेणाऱ्यानं जपून.

लिहिणं हा निम्मा विधी असतो. आधी उपास किंवा निदान मांसाहार बंद, आंघोळ, धूप, मग मन, तोंड, शरीर शुद्ध करायचे मंत्र. दात एकमेकांवर आपटून आवाज करायचा, त्याला देवांना बोलवायचं वाद्य मानतात. ब्रश, शाई, पाणी, कागद, प्रत्येकाला वेगळा मंत्र. मग श्वास धरायचा आणि शक्यतो एका दमात लिहायचं, मधे थांबायचं नाही, मागं जाऊन दुरुस्ती करायची नाही. शेवटी फुंकर. पंथाच्या मते शाई हे नुसतं वाहन आहे, कागदावर खरं उतरतं ते लिहिणाऱ्याचं छी, त्याच्या आतली ऊर्जा. ज्या पुजाऱ्यानं वर्षानुवर्षं साधना केलीय त्याच्या हातची रेघ आणि नवख्याच्या हातची रेघ बघणाऱ्याला सारखी दिसली तरी त्यांच्या लेखी सारखी नसते.

आणि कॉपी करताना चुका होतातच. गे होंगनं 1700 वर्षांपूर्वी तक्रार केलीय की आजकाल फू लागू पडत नाहीत कारण इतक्या वर्षांत नकला करता करता ते बिघडलेत. त्यानं तेव्हाची एक म्हण दिलीय की तीन वेळा नक्कल केली की मासा या अक्षराचं लू (वरची यादी नव्हे, एका जुन्या राज्याचं नाव) होतं आणि रिकामं या अक्षराचा वाघ होतो. साधं अक्षर चुकलं तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतं, फूमधली चूक कुणाच्या लक्षात येणार, तो कुणाला वाचताच येत नाही.

शेवटी आपल्या जवळची एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत चीनमधे गेलं तेव्हा ताओ लोकांवर त्या भाषेच्या आवाजाचा जबरदस्त परिणाम झाला. मंत्राचा अर्थ लावायचा नाही, उच्चार तसाच ठेवायचा, ही कल्पना त्यांच्या लिहिलेलं न वाचता येण्याच्या कल्पनेशी अगदी बरोबर जुळली. लिंगबाओ परंपरेतल्या मुख्य ग्रंथात 'महाब्रह्माची गुप्त भाषा' म्हणून 256 अक्षरं आहेत, 32 स्वर्गांना प्रत्येकी 8, ऐकायला संस्कृत वाटावीत अशी मुद्दाम रचलेली पण कुठल्याच संस्कृत कोशात न सापडणारी, आणि त्यांचे फू काढून अजूनही विधीत वापरतात. आणि नंतरच्या विजेच्या मंत्रांत तर अगदी सुरुवातीलाच एक अक्षर येतं, चिनी उच्चार आन, कधी कधी ते फूच्या सगळ्यात वर तीन खुणांच्या जागी लिहिलेलं असतं. ते आपलं ओम.